आलेखाच्या कागदावर एक रात्र

जानेवारीतले सहा दिवस मिळालेत.
गड्ड्याची जत्रा झाली की निघायचं;
नंदीध्वज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय
रुक्कम्मा काही साखर पेठ सोडायची नाही.

लेक बाडमेरला. जावई तेलाच्या विहिरींवर.
जोधपूरला गाडी बदलली की सरळ वाट.
मी नकाशावर बोट जरा वर सरकवलं.
जैसलमेर, म्हटलं. एक रात्र. एकच.

"एंदुकू?"

चाळीस वर्षं आम्ही मराठीत भांडतोय,
शंका मात्र तिला अजून तेलुगूतच येते.

का, ते तिलाही ठाऊक आहे.
एकोणनव्वद साली ऑर्डर आली होती :
चादरीवर वाळवंट पाहिजे.
मालक म्हणाले, यादगिरी, तू काढ.
मी तोवर नान्नजच्या माळापलीकडे गेलो नव्हतो.
एका औषधवाल्याच्या कॅलेंडरवर उंट होता,
तो समोर टांगला, आणि आलेखाच्या कागदावर
चौकोन चौकोन रंगवत बसलो.
वाळूच्या टेकडीला पायऱ्या पडल्या.
मान जिथे वळते तिथे अडीच चौकोन हवे होते;
मागाला अर्धा चौकोन कळत नाही.
तीन केले.
पुठ्ठ्यांना भोकं पडली, माग खडखडला,
आणि त्या तीन चौकोनांसकट
माझा उंट गावोगाव गेला.
कुणाची तक्रार आली नाही.
रुक्कम्मा तेवढी म्हणते, त्याला गलगंड आहे.

तोच कागद उरला होता थोडा, पिवळा पडलेला.
त्याच्यावरच बेत आखलाय.
एक चौकोन, अर्धा तास.
दुपारी पोचणं : इथून इथपर्यंत.
किल्ला खालूनच, तिचे गुडघे धरून.
मग जीप, मग वाळू, मग सूर्य
(त्याला दोनच चौकोन दिलेत,
हिवाळ्यात तो घाईत असतो).
उंटावर ती बसणार नाही.
मी बसेन का, ते उंट पाहून ठरवीन.
मान मात्र नीट बघणार. बाजूने. सावकाश.

"वाळूत झोपायचं? त्या थंडीत?"
तंबू असतात, गाद्या असतात, रजया देतात.
"दुसऱ्याच्या रजया," ती म्हणाली,
आणि उठून कपाटातून
ती शेवटची चादर काढली. कडा विरलेली,
उंट धुऊन धुऊन बदामी झालेला.
मी म्हटलं, ही तिथे नको, लोक हसतील.
"उंट हसतील," ती म्हणाली,
आणि पिशवीत तळाशी घातली.
वर कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा,
बाळासाठी दोन झबली.

मला वाटलं, ठरलं.
तेवढ्यात तिने कॅलेंडर उलटं-सुलटं केलं,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"मंगळवारी आपलं पाणी."
मोजलं मीही. मंगळवारीच.
आज सुटलं तर पाचव्या दिवशी, मग पुन्हा पाचव्या;
आणि नेमकं त्याच रात्री
आम्ही वाळूवर पडून तारे बघणार,
इथे नळाला पाणी येणार
आणि पिंपं कोरडी राहणार.

"पाणी सोडून वाळवंट बघायला जायचं,"
ती म्हणाली. एवढंच. पुढे काही नाही.

दिवा मालवला. झोप लागते न लागते
तोच रात्री अडीचला नळ खाकरला.
दोघं उठलो. तिने पाइप धरला, मी घागरी.
पलीकडच्या दारातून मेहमूदाचा आवाज :
आलं का तुमच्याकडे? जोर आहे का?
रुक्कम्मा पाइप धरूनच तिच्या दाराकडे वाकली,
दोघी हळू काहीतरी बोलल्या.
माझ्या पायांवरून थंडगार पाणी गेलं.

सकाळी कागदावर पाहिलं तर
सूर्याच्या दोन चौकोनांशेजारी
तिच्या अक्षरात, तिरकं :
किल्ली मेहमूदाकडे.
आणि खाली, जरा दाबून :
सूर्याला तीन कर.