फक्त संपादकांसाठी

संपादक महाशय,
लेखकांना न दिसणाऱ्या या रकान्यात लिहितो आहे.
फाइल मिळाली. एक हजार दोनशे अकरा ओळी,
एक्केचाळीस हिवाळे, पैप्सी सरोवराकाठचं एक एस्टोनियन गाव,
बर्फाची जाडी, दर पाचव्या दिवशी, सेंटिमीटरमध्ये.
मी इथे योएन्सूत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
कीबोर्डवरून राईच्या पावाचा चुरा फुंकत वाचतोय.
बाहेर उणे एकोणीस.

शितावरून भाताची परीक्षा, ही आमची रीत.
मी प्रत्येक आकड्याचं शेवटचं शीत दाबून पाहिलं.
खरं मोजणाऱ्याच्या हातून शून्य ते नऊ
साधारण सारखेच सांडतात,
रचणाऱ्याच्या हातून नाही.

त्र्याऐंशीपर्यंत छान सांडले होते:
सत्तेचाळीस, एक्कावन्न, बावन्न, अठ्ठावन्न.
मग तीन गेला, सात गेला,
पंचेचाळीस. पन्नास. पन्नास. पंचावन्न.

लपवत नाही, मी खूश झालो.
चोर सापडला की समीक्षकाला जेवण गोड लागतं.
‘नोंदी घरात बसून केलेल्या दिसतात’
असं वाक्य टाइपसुद्धा केलं,
आणि केवळ रीत म्हणून मूळ वह्या मागवल्या.

डॉ. काद्री इल्वेस यांनी छायाचित्रं पाठवली.
कांद्याच्या सालीच्या रंगाची पानं.
निरीक्षक: फेओक्तिस्त. आडनावावर शाई फुटलेली.
अक्षर आधी मुंगीएवढं,
पुढे वाटाण्याएवढं,
पुढे तर रकाना ओलांडून
शेजारच्या तारखेत शिरणारं.

पट्टीवरच्या बारीक रेघा त्याला दिसेनाशा झाल्या होत्या.
उरल्या होत्या लांब रेघा, पाचाच्या आणि दहाच्या.
डोळ्यांत तेल घालून तो त्या भोकावर वाकत होता,
आणि तेलच संपत आलं होतं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत अचानक त्रेसष्ट.
मग चौसष्ट. मग पुन्हा चौसष्ट.
अक्षर तेच, थोराड. पण एके ठिकाणी समासात:
‘आज उल्यानाला ताप. पासष्ट असावं.’
एक हजार दोनशे अकरा ओळींत
हे एकच ‘असावं’.

मी विनंती केली: संदर्भ देताना लेखक म्हणून
नुसतं ‘सरोवर केंद्र’ नको, दोघांची नावं घाला,
आणि त्या आठ वर्षांची चूक का, तेही लिहा.
दुसऱ्या फेरीत काद्रीबाईंचं उत्तर आलं.
उल्याना आता रस्त्याकडेला कांद्याच्या वेण्या विकते.
नावाला तिची हरकत नाही.
डोळ्यांचं मात्र लिहायचं नाही.
महिन्याचे अकरा रूबल बंद होतील म्हणून
आजोबांनी ते आजीलाही सांगितलं नव्हतं.
रूबल गेले, ते सरकार गेलं, आजोबा गेले.
‘तरी नाही,’ म्हणाली,
आणि काद्रीबाईंना कांदे तोलून दिले, पूर्ण पैसे घेऊन.

तेव्हा शिफारस: स्वीकारावा, किरकोळ सुधारणांसह.
त्र्याऐंशी ते नव्वद, अधिक-उणे अडीच सेंटिमीटर.
कारणाचा रकाना कोरा.
कोरा का, असं तिसऱ्या समीक्षकाने विचारलं,
तर मला कळवू नका.

माझं ते पहिलं वाक्य खोडलं आहे.
बाहेर आता उणे एकवीस आहे की बावीस,
चष्मा वरच्या खोलीत राहिला.
वीस म्हणू.