डाव्या पायाची नोकरी

नऊ वर्षं माझा डावा पाय बसून होता.
ओमाहाच्या कंपनीत मी किराणा वाहायचो.
ट्रक आपला आपणच गिअर बदलायचा,
काचेवरचा कॅमेरा माझ्या जांभया मोजायचा
आणि डावललेला डावा पाय
परक्या घरी आणलेल्या पोरासारखा
गप्प. गुडघा जवळ घेऊन.

मार्चमध्ये एका ईमेलनं यार्ड बंद झालं.

आता लुइस्टन, आयडाहो.
वर पठारावर गहू, खाली नदीकाठी कोठारं,
मध्ये दोन हजार फुटांचा उतार.
मालकीण इर्मा क्विंबी, वय अडुसष्ट,
तिच्याकडे पाच ट्रक, पाचही माझ्या लग्नाआधीचे.
माझं लायसन उलटंपालटं करत तिनं विचारलं,
'मॅन्युअल येतं?'
म्हटलं, 'यायचं.'
'येतं आणि यायचं, यांच्यामध्ये तेरा गिअर आहेत,'
असं म्हणून तिनं किल्ली फेकली.

पहिल्या दिवशी ट्रकनं माझ्यावर दात खाल्ले.
वजनकाट्यावरचा टली टोपी तोंडावर धरून हसला,
कुंपणावरच्या चिमण्याही उडाल्या.
दाब, काढ, सोड, थांब,
पुन्हा दाब, घाल.
बाकी सगळं पायाला आठवत होतं.
ते 'थांब' मात्र मी विसरलो होतो,
दोन दात्यांचा वेग जुळेपर्यंतचं,
अर्ध्या श्वासाएवढं.

दुसऱ्या दिवशी इर्मानं
आरपीएमच्या काट्यावर चिकटपट्टी लावली.
'बघू नकोस. ऐक.'
मी ऐकू लागलो.
नऊ वर्षांत इंजिनानं मला काही सांगितलं नव्हतं,
की मीच विचारलं नव्हतं, कोण जाणे.

चौथ्या दिवशी उतारावर, छत्तीस टन घेऊन,
मला वाटलं, एक गिअर खाली टाकू.
दांडा निघाला.
पुढचा गिअर आत घेईना, मागचा परत घेईना.
मी ओमाहाचा नव्हतो, लुइस्टनचाही नव्हतो,
हातात एक सैल दांडा होता
आणि मागून गहू ढकलत होता.
ब्रेक धुरावले तसा ट्रक कडेला लागला.
इर्मा सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
सोलायची थांबली, इतकंच.

'गिअर माथ्यावर निवडायचा,' ती म्हणाली,
'उतारावर निवडलेलं निभवायचं.
माझा नवरा उतारावर निवडायला गेला होता.'
मी टोपी काढली.
'टोपी कशाला काढतोस,
टुसॉनला राहतो तो. दुसरीबरोबर.'
आणि बियांची पुडी माझ्यापुढे धरली.

आता सहा आठवडे झाले.
रोज रात्री गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी.
मार्जीन म्हणते, त्याच पिशवीची भाजी करू नकोस.
ओमाहाचा जुना सोबती फोनवर सांगतो,
तिथल्या ट्रकांना लवकरच माणूसही लागणार नाही म्हणे,
तू कुठे मागं मागं चाललास?
मी काय सांगणार.
परवा माथ्यावर, खाली नदीवर धुकं असताना,
पाचवा असा आत गेला
की दांड्याला कळलं नाही, मलाही नाही.
इर्मा बाजूला नव्हती.
कुणाला दाखवणार,
आवाज न होण्यात दाखवण्यासारखं काय असतं?

रविवारी मार्जीनच्या गाडीत, ऑटोमॅटिक,
सिग्नलला थांबताना
डावा पाय क्लच शोधत खाली गेला
आणि रुंद ब्रेकवर दाणकन पडला.
कॉफी तिच्या मांडीवर, पाव डॅशबोर्डवर,
मागच्याचा लांबलचक हॉर्न.
'काय झालं?' ती ओरडली.

काही नाही.
याला कामावर घेतलंय ना पुन्हा.
सुट्टीचा दिवस अजून कळत नाही त्याला.