कपाळाच्या उंचीवर

मी सुतार. गोंदरच्या उतारावर, गिरणीच्या मागे माझं दुकान.
वुबालेमच्या चित्रांना चौकटी मी करतो.
पैसे ती कधी देते, कधी कॉफी पाजून गप्प बसवते.

तिचे वडील चर्चच्या भिंती रंगवायचे.
नियम त्यांचा, त्यांच्या वडलांचा, त्याआधीच्यांचाही:
पुण्यवंत समोरून, दोन डोळ्यांचा;
पापी बाजूने, एकाच डोळ्याचा.
लहानपणी मी बाजारातून जाताना
मान वळवून बसलेल्या खाटकाला भ्यायचो.

वुबालेम आदिसला शिकून आली
ती हा नियम गिळेना आणि थुंकेना.
वर्षभर तिने नुसत्या पाठी काढल्या.
पांढरी नेतेला पांघरलेल्या पाठी,
जरीची छत्री धरलेल्या पुजाऱ्याची पाठ,
आणि एक मोठी, कुणाचीच नाही अशी.
ती एका जर्मन बाईने नेली, माझ्या वान्झाच्या चौकटीसकट.
मी विचारलं, हा येतोय की जातोय?
ती म्हणाली, तुम्हा सुतारांना ठाऊक असायला हवं,
तुमच्याच घरात वाढलेला आहे.

मग घरावरचे गंजके पत्रे आणले,
भोकांतून भिंतीवर ऊन पाडलं. याला म्हणे कृपा.
माझंही छप्पर गळतं, म्हटलं,
बघायला कुणी येत नाही.

हे सगळं चाललेलं असताना तिची आई आजारी पडली,
आणि वुबालेम पहाटे तिला चर्चला न्यायला लागली.
आत नाही. बाहेर.
जो काही खाऊन आलाय, जिची पाळी चालू आहे,
ज्याच्या मनात रात्रीचं काही शिल्लक आहे,
तो बाहेर राहतो, भिंतीला कपाळ लावून.
आत वडलांचे देवदूत, सगळे दोन डोळ्यांचे.
बाहेर दगडावर एक काळा पट्टा:
घाम, तेल, बायकांच्या केसांतलं लोणी.

ती भिंत मी हजारदा ओलांडून गेलो असेन.
तिने मला टेप घेऊन बोलावलं.
पुरुष पाच फुटांच्या जरा वर. बायका त्याखाली.
पोरांचे डाग विखुरलेले, पोरं एका जागी थांबतात कुठे.
आणि गुडघ्याच्या वर हातभर
एकटाच एक, बशीएवढा, सगळ्यांत काळा.

बिर्केनेश, आब्बा म्हणाले. पायांनी अधू.
चाळीस वर्षं तिथेच. गेल्या थंडीत गेली.

तिची चाकांची फळी मी दोनदा दुरुस्त केली होती.
फळीवरून ती जाते कुठे, कधी विचारलं नव्हतं.

मोठ्या उपवासाचे पंचावन्न दिवस
वुबालेमने त्या भिंतीवर कोरं मांजरपाट टांगलं.
म्हाताऱ्या कुरकुरल्या, कापडाला दगडाचा गारवा नाही;
निम्म्या तर वळसा घालून पलीकडे गेल्या.
तेव्हा कापडावर जे उमटलं ते फिकं,
चहाचा पेला पुसल्यासारखं.
आदिसच्या प्रदर्शनात एकाने विचारलं,
चित्र अजून यायचंय का?

तिच्या आईने मात्र जवळ जाऊन वास घेतला
आणि तीन बायकांची नावं सांगितली.

मापं घेताना मी म्हटलं होतं,
डाग इथे संपतात, खालचं कापड कापून टाकू,
लाकूड वाचेल.
ती काही बोलली नाही. कात्री उचलून फळीवर ठेवली, तिच्या बाजूला.

म्हणून ही चौकट पार जमिनीला टेकते.
खाली सगळं कोरं आहे,
कारण त्या उंचीवर यायला यंदा कुणी नव्हतं.
मी खालची पट्टी ठोकायला गुडघ्यांवर बसलो
तर कपाळ नेमकं तिथे आलं.

टेकवलं नाही.
दातांत खिळे होते.