तीन हाका

कडी उंचावर होती, दाराच्या अगदी वरच्या कोपऱ्यात.
मी चौथीत असताना बसवलेली,
धाकटा मंदार दोनदा आत अडकला म्हणून.
तेव्हा कुणाच्या मनात येणार
की एखादं मोठं माणूसही कधी
पोराएवढं होऊन फरशीवर बसेल
आणि कडी तिथेच राहील, छताशेजारी.

वेणूआत्या पडली तो मंगळवार.
मांजलपुरात आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं.
सातला बादली आपटली
आणि नळ वाहतच राहिला.
समोरचे किरीटभाई पहार घेऊन आले,
खालचा इस्त्रीवाला आला, लिफ्टचा माणूस आला
(तो का आला ते अजून कळलेलं नाही)
आणि आतून आवाज,
कोठीच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईचा:
"थांबा. आधी टॉवेल."

टॉवेल खुंटीवर. खुंटी चार फुटांवर.
खुब्याचं हाड मोडल्यावर चार फूट म्हणजे किती
ते मला नंतर एक्स-रेत दिसलं.
बाहेर आम्ही चौघं, पहारीसकट,
आणि कुणाची हिंमत होईना.
एकवीस मिनिटं.
"हं. फोडा आता."

ती दवाखान्यातून यायच्या आत
जयंतीभाई मिस्त्रींनी नवं दार बसवलं, बाहेर उघडणारं,
आणि नवं कुलूप. आतून बटण दाबायचं,
बाहेर एक बारीक खाच,
दोन रुपयांचं नाणं घालून फिरवलं की उघडतं.
"हवे कोई बीक नथी," म्हणाले.
आत्यानं वॉकर टेकला, चष्मा वर सारला,
खाचेवरून बोट फिरवलं, छापील ओळीवरून फिरवावं तसं.
"कुलूप," ती म्हणाली. "लू दीर्घ.
बाकी काहीच नाही यात."

रबरी चटई तिनं मान्य केली, भिंतीतला दांडाही.
फक्त विचारलं, नाणं कुठे असणार?
बाहेर, खिळ्याला, पिशवीत.
दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी.
नाणं मुठीत घेऊन ती आत गेली होती.

मी दारावर ओरडले.
घरात नाण्यांना काय तोटा, पर्समध्ये, डब्यात, देवापुढे,
कुठलंही चाललं असतं.
तिला ठाऊक होतं, मलाही.
तरी मी आणलं नाही.

दहावीच्या निकालादिवशी मी आत होते,
कडी लावून, नळ सोडून.
बाबा दार ठोठावत होते.
"राहू दे तिला," आत्या म्हणाली, "पाणी संपलं की येईल."
पाणी खरंच संपलं.
जिन्यातला वॉल्व्ह तिनंच जाऊन बंद केला होता
हे मला कळायला माझं लग्न व्हावं लागलं
आणि मोडावं लागलं.

दिवाळीनंतर एका रात्री
तिनं नाणं माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं.
"तीन हाका मारायच्या. मध्ये श्वास घ्यायचा.
तिसरीला ओ आली नाही, तरच."
"आणि आत येताना डोळे मिटून येऊ?"
"डोळे मिटून काय करशील, तूही पडशील.
टॉवेल घेऊन ये."

आता सातला मी पॅसेजमध्ये असते,
खांद्यावर टॉवेल,
कुणी विचारलं तर घड्याळ बघत असल्यासारखी.

परवा नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला.
मी एक हाक मारली.
श्वास घेतला.
दुसरी मारली.
खरं सांगायचं तर
नाणं तेव्हाच खाचेत टेकलं होतं,
थोडं फिरलंही होतं.

आतून शांतपणे आलं:
"अजून एक राहिलीय."