पायाचं बोट

स्प्रिंगडेल, आर्कान्सा. पहाटे पावणेचार.
कोंबड्यांच्या कारखान्याची पाळी सुटते
आणि लिजोन लांग्रिन गाडीशी उभी राहून
दोन्ही हात काखेत धरते,
अंडी उबवावीत तसे.

मिनिटाला पस्तीस तंगड्या.
हातावरचं पोट:
पोट कसंबसं भरतं, हात बधिर होतो.

मी दवाखान्यात दुभाषी.
साखर बघायला तिच्या बोटाला सुई टोचली,
ती म्हणाली, टोच ना.
टोचून झालं होतं.

आकडा चारशे बारा.
डॉक्टर माणूस भला. विचारलं, रोज चालता का?
ती म्हणाली, कुठे?
दारातून उतरलं की हायवे.
बेटावर एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला निजलेलं पाणी,
मध्ये वाट;
चालायचं असं ठरवावं लागत नसे.
नीरफणस भाजायचा, केवड्याचं फळ चोखत बसायचं.
मग आजीच्या वेळी आभाळ दोनदा उजाडलं.
मासे खाऊ नका म्हणाले.
आणि बोटीनं डबे आले: मांसाचे, दुधाचे,
गोणीतून पांढरा तांदूळ, साखर.
आमच्या तोंडात साखर पडली ती अशी.

फॉर्मवर रकाना: आजार कधीपासून?
बोटभर जागा.
मी लिहिलं, तीन वर्षं.

जुलैत रबरी बुटानं पायाचं बोट सोललं.
तिला कळलंच नाही.
वास आधी हेमिटीला आला, धाकट्या मुलीला,
तिला वाटलं फ्रिज बिघडला.
कार्ड चालतं की नाही, यात अकरा दिवस गेले.

शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं,
बोट कुठाय?
नर्स म्हणाली, नियमानं जाळतात.

जाळू नका, म्हणाली.
आमच्यात जमीन आईकडून येते.
आजीशेजारी माझी दोन हात जागा आहे,
भरतीचं पाणी हल्ली तिथवर येतं, म्हणून घाई.
बोट पुढे पाठवा.
बाकीची मी येते मागून,
तिकिटाचं जमेल तशी.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतायत?

मी म्हणाले, विचारतायत,
कामावर कधी जाता येईल.

खोटं होतं.
पाच मिनिटांनी तिनं तेच विचारलं.