पटाच्या तंबूतून आल्यावर

पैकू तंबूतून आला का
पानठेल्यावर सारे इचारतेत, कशी होती बाप्पा?
तो म्हने, ते जाऊ द्या.
तिकीट दोनशे सांगतेत, घेतेत अडीचशे.
दारू पान्याची, अन् प्याले पानी नाही.
जनरेटर दोनदा बंद पडला,
अंधारात पोरींच्या अंगावर हात गेले,
राखनदार बिडी फुकत उभा.
एक लंगडत नाचली. पायात काच होता.
गानं संपेपर्यंत
कोनी थांबवलं नाही,
मीबी नाही.
उधळलेल्या नोटा मालकानं झाडूनं जमा केल्या.

मंग जावं का नाही? गुलाबनं इचारलं.

पैकू उगाच खर्रा घोटत राह्यला.
भिवापूरची आखरी जीप साडेअकराले,
म्हने.
पोरी त्याच जीपनं जातेत.
समोरासमोर बसा लागते.