तळटीप एक्केचाळीस

हिरेमठ मॅडम लाल पेन वापरत नाहीत.
पेन्सिलीनं समासात बारीक गोल काढतात
आणि विचारतात, "एल्लि नोडिदि?"
कुठे पाहिलंस?

एक्केचाळिसावी टीप मी ऐटीत लिहिली होती:
खरेदीखत, मोडी, मौजे नंदगड, सन एकोणीसशे एकतीस.
वर मजकुरात दुहेरी अवतरण,
"पत्नीने राजीखुशीने अंगठा केला",
जसंच्या तसं.
जसंच्या तसं म्हणजे कुणाचं?
खत मराठीत. पुढे दावा लागला तेव्हा त्याचं कानडी झालं,
अपिलात इंग्रजी,
इंग्रजीतून एका वकिलानं पुस्तकात घेतलं,
पुस्तकातून मी, परत मराठीत.
पत्ता चुकून चार पोस्टांचे शिक्के खात
घरी परतलेलं पाकीट,
आणि मी म्हणत होते, आत्ताच लिहिलंय.

"मग लिही, अमक्यानं उद्धृत केल्याप्रमाणे.
नाहीतर जाऊन बघ."

त्याच दिवशी दुसराही गोल होता.
तीन पुस्तकं, प्रकाशनाचं गाव एकच,
छापलेलं तीन तऱ्हांनी: बेलगाम, बेळगाव, बेळगावी.
मी तिन्ही एकसारखी करून टाकली होती, माझ्यासारखी.
मॅडम म्हणाल्या, शीर्षकपानावर आहे तेच लिहायचं.
तुझं मत असेल तर प्रकरणात मांड,
आणि त्यालाही पुरावा दे.
या विषयावर या शहरात
इतक्या हळू आवाजात
माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

नक्कल मिळायला एकोणीस दिवस लागले.
रेकॉर्ड रूमच्या बडिगेरनी रबरबँड सोडताना
दोनदा शिंकून घेतलं.
मोडी मला येत नाही. शहापुरात दत्तोबा हेरेकर वाचतात,
सराफाच्या पेढीवर, मागच्या बाकावर,
भिंग डोळ्याला लावून, श्वास धरून.
"निशाणी अंगठा... बाळाक्का... कोम निंगाप्पा..."
आणि मग थांबले.
"राजीखुशीने कुठाय यात? इथं लिहिलंय, सांगितल्यावरून."

सांगितल्यावरून.
तेच कानडीत संमतीनं झालं,
इंग्रजीत स्वखुशीनं,
माझ्याकडे येईतो राजीखुशी.
कुणी खोटं लिहिलं नव्हतं.
प्रत्येकानं फक्त आधीच्यावर विश्वास ठेवला होता.
माझं तिसरं प्रकरण त्या एका शब्दावर उभं होतं.
परतताना पहिल्या रेल्वे गेटला फाटक पडलं,
मालगाडीचे डबे मी मोजत बसले, सत्तावन्नपर्यंत,
मग चुकले.

रात्री आई म्हणाली, "काय लिवूलालीस गे एवढं बारीक?"
एका बाईचं नाव, म्हटलं.
पुस्तकात ती पत्नी होती, निकालात ती प्रतिवादी चारची आजी.
"मग मोठ्या अक्षरात लिव की."
तसं चालत नाही, म्हटलं. टीप आहे.

हेरेकरांचं काय करायचं, हेही होतंच.
शब्द त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला, माझ्या नव्हे.
म्हणून लिहिलं: वाचन, द. हेरेकर, शहापूर,
तोंडी, ता. नऊ ऑगस्ट.
त्यांना दाखवलं तर म्हणाले,
साठ वर्षं लोकांची नावं वाचून दाखवली,
कागदावर मला आज बघतोय.
तारीख नीट घाल, बाई. तारखेशिवाय काय खरं नाही.

नवा मसुदा. मॅडमनी पान उलटलं,
एक्केचाळीसपाशी पेन्सिल टेकवली, गोल काढला.
"एल्लि नोडिदि?"
दुसऱ्या पानाच्या मागे, म्हटलं, खाली डावीकडे,
अंगठ्याच्या अगदी बाजूला.
शाई तिथं फुटलीये.
नाव आधी लिहिलेलं, अंगठा नंतर,
'क्का'चा अर्धा भाग ठशाखाली गेलाय.

"मग तेही लिही," म्हणाल्या,
आणि खोडरबर घेऊन गोल पुसला.
कागदावर चरा राहिला थोडा.
उजेडात तिरका धरला तर अजून दिसतो.